प्लस चौऱ्याऐंशीवरून आलेला फोन

आमच्या घरात अनोळखी नंबरला कुणी कधी घाबरलं नाही. ओळखीचा नंबर असला की आई सावकाश उठायची, पण स्क्रीनवर भलताच लांबलचक आकडा दिसला की हातातलं काम टाकून धावायची. कारण माझा भाऊ बोटीवर असतो. मालवाहू जहाजावर तो कूक आहे. ज्या बंदरात बोट लागेल तिथलं सिमकार्ड घ्यायचं किंवा कुणाचातरी फोन मागून घ्यायचा आणि घरी फोन लावायचा, ही त्याची जुनी सवय. व्हॉट्सॲप आहेच, पण जहाजावरचं नेट लहरी, आणि आपला चांगला फोन त्याने एकदा कठड्यावरून समुद्रात पाडलेला आहे. त्यामुळे आईच्या लेखी मुलगा म्हणजे कधी पासष्ट, कधी एकतीस, कधी नऊशे एकाहत्तर. सिंगापूर, हॉलंड, दुबई ही नावं तिने नंतर शिकून घेतली. आकडे आधी पाठ झाले.

मी तिची मुलगी. आम्ही दोघी बोरीवलीला, नॅशनल पार्कच्या बाजूला एका जुन्या सोसायटीत राहतो. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. मी पवईला एका कंपनीत यंत्रांची माहितीपत्रकं लिहिते. पंप कसा बसवायचा, कुठलं बटण आधी दाबायचं, कुठलं चुकूनही दाबायचं नाही, असलं. एखादी गोष्ट आतून कशी चालते ते कळेपर्यंत मला चैन पडत नाही, म्हणून ही नोकरी मला मानवली.

ही खोड मला बहुतेक बाबांच्या एसटीडी बूथमध्ये लागली. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी काही वर्षं जोगेश्वरीत एक बूथ चालवायला घेतला होता. काचेची खोली, आत एक स्टूल, आणि भिंतीवर गावांच्या कोडचा तक्ता. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. कुडाळ, मालवण, रत्नागिरी हे कोड मला पाढ्यांसारखे येत. एखादं गिऱ्हाईक आत शिरून आकडे फिरवायला लागलं की मी बाहेरून बोटाकडे बघून ओळखायची, हा गोरखपूरला बोलतोय, ही केरळला. आणि मग आत चाललेल्या हातवाऱ्यांवरून तिकडे काय घडलं असेल याचा अंदाज बांधायची. त्या वयात माझी पक्की समजूत होती की कोड म्हणजे गाव. आकडा दिसला की माणूस कुठे उभा आहे ते कळलं.

ही समजूत मोडली ती अलीकडे, एका मिस्ड कॉलमुळे.

एके दिवशी ऑफिसातून आले तर आई खिडकीशी फोन मांडीवर घेऊन बसलेली. जेवण तसंच झाकून ठेवलेलं.

"तेचो फोन इलो होतो," ती म्हणाली. "एकदाच वाजलो नि बंद झालो. मी उलट लावलंय तर बाई सांगता, ही सुविधा नाय म्हणान."

मी नंबर बघितला. प्लस सहाशे पंचाहत्तर. हा कोड आमच्याकडे कधीच आला नव्हता. शोधून पाहिलं तर पापुआ न्यू गिनी निघालं. ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावरचं बेट. भावाची बोट तेव्हा आखातात होती, आणि रात्री त्याचा मेसेजही आला की सगळं ठीक आहे, आज बिर्याणी केली. आईचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र अडकला. बोरीवलीतल्या एका म्हातारीला एकच रिंग द्यावी असं पापुआ न्यू गिनीत कुणाला वाटलं असेल?

ऑफिसात आमच्या कॉम्प्युटर विभागातल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, "माणूस नसतो यार तिथे. मशीन असते. हजारो नंबरांना एकेक रिंग देते आणि कापते. कुणीतरी कुतूहलाने उलट फोन लावतंच. त्या कॉलचा दर भयंकर असतो, आणि त्यातला वाटा यांना मिळतो. तुझ्या आईचा प्लॅन साधा होता म्हणून लागला नाही."

"पण नंबर तर तिथलाच ना?"

"तोही असेलच असं नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही काहीही लिहू शकतो ना, तसंच. बसलेला असेल इथे, दाखवेल न्यूयॉर्क."

हे ऐकून मला थोडं वाईटच वाटलं. लहानपणी इतकी मेहनत घेऊन पाठ केलेलं ज्ञान असं निकामी झालेलं. पण गंमतही वाटली. त्या दिवसापासून मी असले नंबर जमवायलाच लागले. कुणाचा फोन आला, काय म्हणाला, कुठे अडखळला. वीज आज तोडणार म्हणणारा, पार्सल अडकलंय म्हणणारी, केवायसीवाला. प्रत्येकाच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी असायची. घाई. विचार करायला फुरसत द्यायचीच नाही. मग हेही कंटाळवाणं झालं, आणि मी फोनमध्ये ते ॲप घेतलं, जे नको असलेले नंबर लाल करून दाखवतं. लाल दिसला की कापायचा.

आईला मी एवढंच सांगितलं की एका रिंगचा फोन उलट लावायचा नाही.

"आणि तो खरोच तेचो असलो तर?"

"तर तो परत करेल ना."

हे तिला पटलं. पण अनोळखी फोन उचलायचाच नाही, हे मी तिला सांगू शकले नाही. सांगणार तरी कसं? तिच्या मुलाचा प्रत्येक फोन अनोळखी नंबरवरूनच यायचा.

तो बुधवार होता. मी पवईला एका पाण्याच्या पंपावर लिहीत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. फोन वाजला, लाल. कापला. लगेच पुन्हा वाजला, तोच लाल नंबर. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. इतके दिवस यांचं निरीक्षण केलं होतं, पण एवढी चिकाटी कुणात पाहिली नव्हती. कर्ज विकणारा कापल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. हा का वळत नाही, या कुतूहलापोटीच मी फोन उचलला. आणि अनोळखी फोनवर आपण आधी बोलायचं नाही, या माझ्याच नियमाप्रमाणे काहीच बोलले नाही.

पलीकडून धापा टाकणारा बाईचा आवाज आला. "हॅलो? कोन हाय? उचललाय तर बोलत का नाय?"

"तुम्ही कोण?"

"मी गोराईची म्हावरंवाली. तुमच्या दारात उबी हाय. वॉचमन हितंच हाय, त्याच्याकडशी तुमचा नंबर घेतला. तुमच्या घरात बाप्या शिरलाय."

आमच्याकडे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी येणारी कोळीण मावशी. तिचा नंबर मी कधी घेतला नव्हता, कारण ती थेट दारातच येते. पुढे कळलं की ती रोज पहाटे धक्क्यावरून आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून आज काय आणू विचारते, आणि त्यातल्या कुणाकुणाची झोपमोड होऊन त्यांनी तिचा नंबर स्पॅम म्हणून लाल करून टाकला होता.

"कसला बाप्या, मावशी?"

"मला काय म्हाईत. हिंदीत बोलतंय. मी बेल मारली तर तुमची आय आतून म्हनते, आज नको. बुधवारी ती कदी नको म्हनत नाय. बांगडा आणलाय म्हटलं तरी नको. मंग मी दाराला कान लावला तर तो म्हनतोय, दरवाजा मत खोलिए."

मी आईला फोन लावला. ती दुसऱ्या कॉलवर होती. पुन्हा लावला, तेच. आणि मग मला कळलं की घरात कुणी शिरलेलं नाही, जो काही आहे तो फोनमध्ये आहे. हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आतापर्यंत हे सगळं मी लांबून बघत आले होते. पवईहून घरी पोचायला रिक्षाने निदान तासभर.

"मावशी, तुमचा फोन स्पीकरवर टाका आणि दाराला लावा. आणि वॉचमनला म्हणावं बेल वाजवत राहा."

मग मी भर ऑफिसात ओरडले, "आई, मी आहे. दार उघड." आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. मी पुन्हा ओरडले. बेलचा कर्कश आवाज मला इकडे ऐकू येत होता. शेवटी कडी निघाल्याचा आवाज आला.

आईने आतलं दार उघडलं, पण जाळीचं दार लावलेलंच ठेवलं. तिच्या हातात फोन होता आणि त्यात व्हिडिओ चालू होता. खाकी गणवेशातला एक माणूस, मागे झेंडा आणि कसलंतरी बोधचिन्ह. मावशीने जाळीतून वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, "अगो, ह्यो तर फोनमधला हाय."

आईचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. अगदी बारीक. "बाबूक धरल्यानी गो. बोटीवर तेच्या सामानात कायतरी गावला म्हणतत. कोणाक सांगू नको म्हटल्यानी. फोन ठेवलंय तर तेका आत टाकतले."

"कुठे धरलंय म्हणतात?"

"ता सांगणत नाय. पण तो रडत होतो. मी आयकलंय."

पाठीमागून तो माणूस बोलत होता, "माताजी, किससे बात कर रही हैं आप? मना किया था ना? सब रिकॉर्ड हो रहा है."

त्या क्षणी मला खूप काही सांगायचं होतं. कोडबद्दल, मशीनबद्दल, पाकिटावरच्या पत्त्याबद्दल. पण आईने स्वतःच्या कानांनी मुलाचं रडणं ऐकलं होतं, तिच्यापुढे माझं कुठलंच ज्ञान टिकलं नसतं. म्हणून मी तिला एवढंच म्हटलं, "आई, त्या साहेबांना एक विचार. माझा मुलगा बोटीवर काय काम करतो?"

मग तिच्या हिंदीत तिने विचारलं, "साहेब, मेरा लडका बोट पे क्या काम करता है?"

"आपको नहीं पता आपका बेटा क्या करता है?"

"मेरे को पता है. तुमको पता है क्या?"

मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत होते. तो माणूस आवाज चढवून म्हणाला, "इंजिन में था. इंजिन रूम से ही माल पकड़ा है. आप सवाल मत कीजिए, जवाब दीजिए."

आईने सावकाश मालवणीत उत्तर दिलं, बहुतेक त्याला नाही, स्वतःलाच. "माझो झील जेवाण करता."

आणि पडदा काळा झाला. त्यानेच फोन कापला होता.

गोष्ट इथे संपली असं मला वाटलं, पण आईसाठी संपली नव्हती. ती जाळीच्या दाराशीच खाली बसली आणि मावशीला म्हणाली, "माझ्यामुळे ते तेका आता मारतीत." त्या माणसाने नोकरी चुकीची सांगितली हे तिला कळलं होतं. तरीही रडणं खोटं असू शकतं हे तिला मान्य होत नव्हतं.

मी भावाला फोन लावला. लागला नाही, बोट भर समुद्रात होती. मग अंधेरीला त्याच्या कंपनीच्या एजंटचं ऑफिस आहे, तिथे लावला. तिथल्या माणसाने जहाजाचं नाव ऐकून थोड्या वेळाने सांगितलं, "मॅडम, जहाज समुद्रात आहे. बंदराला अजून पोचलेलंच नाही. सकाळी कॅप्टनचा मेल आलाय, सगळे ठीक आहेत. मध्येच समुद्रात कोण पोलीस चढणार?" आणि वर म्हणाला, "तुमच्या आईंना सांगा, आमच्याकडे असे आणखी पण घरचे फोन करून विचारतात."

हे मी त्याच्याच तोंडून आईला ऐकवलं, दोन फोन एकमेकांना लावून. तेव्हा कुठे तिने मावशीसाठी जाळीचं दार उघडलं.

मी घरी पोचले तेव्हा दोघी हॉलमध्ये खाली बसून चहा पीत होत्या. मावशीची पाटी दाराशी, बांगडे साफ करून ताटात ठेवलेले. तिचा फोन सतत वाजत होता, बाकीची गिऱ्हाइकं खोळंबली होती. ती दर वेळी बघायची आणि बाजूला ठेवायची. "मी गेली तर ही परत त्यो फोन उचलेल," ती मला म्हणाली. आईचा फोन तिने मांडीखाली घेऊन ठेवला होता.

तो फोन मी हातात घेतला. व्हॉट्सॲपवरचा कॉल, प्लस चौऱ्याऐंशी. व्हिएतनामचा कोड. खरं तर हा आकडा आईने कधी ऐकला नव्हता असं नाही, भाऊ एकदा तिथून बोलला होता. म्हणूनच तिने तो आनंदाने उचलला.

संध्याकाळी आई शांत झाल्यावर मी तिला हळूहळू विचारायला लागले. मला रागावायचं नव्हतं. मला फक्त समजून घ्यायचं होतं की एवढी हुशार बाई, बाजारात कुणाकडून एका पैशालाही फसणार नाही अशी, ती कशी अडकली.

"रडताना तो काय म्हणाला?"

"मम्मी, मुझे बचाओ."

आम्ही दोघांनीही जन्मात तिला मम्मी म्हटलेलं नाही. घरात हिंदी तर मुळीच नाही. मी तिच्याकडे पाहिलं.

"होय गो, म्हायत आसा माका," ती म्हणाली. "पण माका वाटला, बाजूक पोलीस आसत, म्हणान तो हिंदीत बोलता. तेंका समजाक व्हया म्हणान. आणि मम्मी कित्या म्हणालो, तर घाबरल्यार माणूस कायव म्हणता."

ही गोष्ट माझ्या डोक्यात अजून आहे. मला वाटायचं की फसवणारे पुरावे तयार करतात. तसं काही नव्हतं. त्यांनी नुसतं एक रडणं पाठवलं होतं, तेही बेताचंच. बाकीची सगळी भोकं आईने स्वतः बुजवली. जिथे खटकायला हवं होतं तिथे तिने कारण शोधून दिलं.

पण त्यांना मुळात कळलं कसं की हिचा मुलगा बोटीवर आहे? हा प्रश्न मला झोपू देईना. सकाळी पोहे करताना मी आईला खोदून खोदून विचारलं. आठवडाभरात आणखी कुणाचे फोन आले होते? तिने आठवून आठवून सांगितलं. एक बाई. फार गोड बोलणारी. तिने फक्त हॅलो म्हटलं होतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलंय, कोण, बाबूच्या ऑफिसातली काय? बोट लागली?"

"आणि ती?"

"होय आजी म्हणाली. तेंच्याच कंपनीतून बोलतंय म्हणाली."

झालं. त्या बाईला काही विचारावंच लागलं नाही. आईने बोट सांगितली, मुलगा सांगितला, पुढची सुट्टी कधी ते सांगितलं, मुलगी दिवसभर ऑफिसात असते आणि आपण घरी एकट्याच असतो हेही सांगितलं. त्या बाईने तिच्या गुडघ्याची चौकशी केली होती, तेल कुठलं लावता ते विचारलं होतं.

"आणि तो कूक आहे हे नाही सांगितलंस?"

"ता तिना इचारल्यान नाय."

आईला त्या खाकीवाल्याचा राग आला नाही तेवढा या बाईचा आला. तिची आणि आईची चांगली मैत्री झाली होती, असं आईला वाटलं होतं. गुडघ्याची चौकशी अलीकडे मीसुद्धा केली नव्हती, हे तिने बोलून दाखवलं नाही. मला कळलं.

आम्ही पोलीस चौकीत जाऊन आलो. तिथे एक तरुण महिला अधिकारी होती. तिने आईला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, फोनवर कुणी कुणाला अटक करत नाही. खरा पोलीस असेल तर दारात येतो आणि ओळखपत्र दाखवतो. आणि कुणाला सांगू नका असं जो म्हणतो ना, त्याचं सगळ्यात आधी सगळ्यांना सांगायचं." पैशांचं काय म्हणाला विचारल्यावर आई म्हणाली, तिथपर्यंत आमचं बोलणं पोचलंच नाही, मध्ये म्हावरं आलं. ती अधिकारी हसली, तिने तसंच लिहून घेतलं की नाही कुणास ठाऊक.

त्यानंतर घरात नवी पद्धत सुरू झाली. अनोळखी नंबर उचलायचा, पण आधी आपण बोलायचं नाही. समोरच्याला बोलू द्यायचं. कुणाचंही नाव, बोट, ऑफिस आपण काढायचं नाही. घाई केली, धमकावलं की ठेवायचा आणि मला लावायचा. मी उचलला नाही तर मावशीला. आणि मुलगा आहे असं वाटलं, तर प्रश्न विचारायचा.

भावाचा पुढचा फोन सिंगापूरहून आला. मी घरीच होते. आईने उचलला आणि तोंडातून अक्षर काढेना. तिकडून हॅलो हॅलो चाललेलं.

"आई, आयकू येता मा?"

"कोण?"

"अगो मी."

"मी म्हणजे कोण? बांगड्याच्या तिखल्यात काय घालतत?"

त्याचा गोंधळलेला आवाज, "तिरफळा. कित्या? काय झाला?"

आईने माझ्याकडे पाहून मान डोलावली, तो परीक्षेत उत्तीर्ण झाल्यासारखी. मी नंतर तिला म्हटलं, बांगड्याच्या कालवणात तिरफळं घालतात हे तर अख्ख्या सिंधुदुर्गाला माहीत आहे, हा काय प्रश्न झाला? ती म्हणाली, "त्या साहेबाक म्हायत नसती." तरी तिने पुढच्या वेळी प्रश्न बदलला. आता दर वेळी बदलते. बाबा चहात किती साखर घ्यायचे, शाळेत असताना त्याला विंचू कुठे चावला. तिला ते आवडायला लागलंय असा मला संशय आहे. भाऊही आता फोन लागल्यावर पहिल्यांदा, "इचार," असंच म्हणतो.

ती एकच गोष्ट अधूनमधून विचारत राहिली. "तो रडत होतो तो कोण असतलो गो?" मी सांगितलं, रेकॉर्डिंग असेल, हल्ली मशीनसुद्धा कुणाचाही आवाज काढते. तिने ते मानलं नाही. मग मी कुठेतरी वाचलेलं सांगितलं, की नोकरीच्या आमिषाने परदेशात नेलेली पोरं असतात, त्यांना कोंडून हे फोन करायला लावतात. हे ऐकून ती इतकी गप्प झाली की सांगितल्याचं मला वाईट वाटलं. खरं काय ते मलाही माहीत नाही. हा एक धागा मला शेवटपर्यंत उलगडता आला नाही.

कंत्राट संपवून भाऊ घरी आला तेव्हा आईने त्याला सगळं साग्रसंगीत सांगितलं, खाकीवाल्याचा आवाज काढून. मी समजले तो हसेल. तो ताटातला भात कालवत बसला होता, कालवायचा थांबला.

"माका पण इलेलो असो फोन," तो म्हणाला.

"कसलो?"

"तू हॉस्पिटलात आसस म्हणान. गाडीन उडवल्यानी. लगेच पैसे भरा, नायतर ऑपरेशन थांबतला. ह्याच्या बऱ्याच आधी. आम्ही तेव्हा बंदरात होतो."

आईने आणि मी एकमेकींकडे बघितलं. याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता.

"तुला खरं वाटलं?" मी विचारलं. "तुम्हा बोटीवरच्यांना तर जगभरचे नंबर सवयीचे."

"तोच तर घोळ झालो," तो म्हणाला. "नंबर शून्य बावीसचा होता. मुंबईचा. दुसऱ्या देशाचा असता तर मी कापला असता. बावीस बघितला नि वाटलं, घरूनच असणार."

"मगे तू काय केलंस?" आईने विचारलं.

"त्या माणसाला थांब म्हटलं आणि दुसऱ्याच्या फोनवरून तुला लावला. तू उचललास."

"मी काय म्हटलंय?"

"कायच नाय. शेगलाची भाजी महाग झाली म्हणून सांगत बसलीस. त्या भाजीवाल्याला काय काय बोललीस ते. मी नुसतं होय होय करत ऐकत राहिलो. मग तू म्हणालीस, तुझं काय काम होतं? मी म्हटलं, काय नाय, सहज केला."

आईला तो फोन आठवत नव्हता. तिने बरंच आठवून पाहिलं, कधीची गोष्ट, कुठला भाजीवाला. मग उठून त्याच्या ताटात आणखी भात वाढला, त्याने नको म्हटलं तरी.